कलम सहावे: किटण काढल्याने दात हलत नाहीत

न दुखणाऱ्या दातासाठी दवाखान्यात जायचं म्हणजे न मेलेल्या माणसासाठी तिरडी बांधायची, असं आमच्या सुमनताई म्हणायच्या. त्या माझ्याच दवाखान्यात मदतनीस होत्या आणि हे वाक्य त्या येणाऱ्या पेशंटलाही ऐकवायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीडीएसचा कागद हातात पडल्यावर मी मुरबाड तालुक्यात, धसईला, भाताच्या गिरणीच्या मागे एक खोली घेतली. आठवड्यातून दोनच दिवस, एक बाजाराचा आणि दुसरा त्यानंतर चार दिवसांनी. बाकीचे दिवस शहापूरला एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली. धसईच्या खोलीत जुनी खुर्ची, एक आरसा, दात साफ करायचं नवंकोरं मशीन आणि गिरणीतून सतत येणारा कोंडा. मशीनवर रोज सकाळी कोंड्याचा थर बसायचा. सुमनताई तो फुंकरीने उडवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, साफ झालं. येवढ्यासाठी लोक मशीन घेतात?"

तिथे दाताच्या डॉक्टरला एकच काम माहीत होतं. दुखला की काढायचा. मला ते मान्य नव्हतं. मला त्या वयात बरंच काही मान्य नव्हतं.

त्याचं कारण आमचं घर. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, शहापूरला शाळामास्तर. पगार शाळेचा, जीव पत्रकांत. दारू, हुंडा, बुवाबाजी, एसटीच्या रद्द होणाऱ्या फेऱ्या, कशावरही अप्पांचं पत्रक निघायचं. इतर मुलं कागदाच्या होड्या करायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे. बाराव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं, आईच्या विरोधात, दुधी भोपळ्याच्या प्रश्नावर. अप्पांनी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि आईने संध्याकाळी पुन्हा दुधी केला. तरीही जगातला अन्याय नीट छापून वाटला की संपतो, ही माझी श्रद्धा काही गेली नाही.

म्हणून दवाखाना उघडल्यावर मी आधी पत्रक काढलं. पिवळा कागद, वर ठळक मथळा: 'दातांचे गुलाम की दातांचे मालक?' खाली आठ कलमं. अप्पांनी कच्चा मजकूर वाचून विचारलं, "शेवटी 'आमच्या मागण्या' लिहिलंयस. मागण्या कुणाकडे?"

"ज्यांच्या तोंडात दात आहेत त्यांच्याकडे," मी म्हटलं. अप्पांना ते पटलं.

यातलं सहावं कलम मला अजून पाठ आहे. 'किटण काढल्याने दात हलतात ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. असे म्हणणाऱ्याने पुरावा दाखवावा, हे आमचे जाहीर आव्हान!' उद्गारचिन्ह अप्पांचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दातांच्या मुळाशी जेवणाचा चिकट थर बसतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. तो दगड म्हणजे किटण. ब्रशने जात नाही, राखेने जात नाही. तो हिरडीला दातापासून लोटतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि वर्षानुवर्षं चाललं की आतलं हाड झिजतं. आमच्या मशीनचं बारीक टोक थरथरतं, त्यातून पाणी उडतं आणि दगडाचे कपचे निघतात. दात खरवडला जात नाही. सगळं मिळून अर्धा तास. यात भ्यायचं काय, असं मला वाटायचं, कारण खुर्चीत मी बसत नव्हते.

पत्रकाचा परिणाम झाला. लोक येऊ लागले, पण मला हवे तसे नाही. डोळखांबकडचा एक तरुण आला आणि म्हणाला, "पुढचे सहा करा फक्त. पोरगी बघायला चाललोय."

"आणि मागचे?"

"ताय, ती मला बघणार हाय. मला उघडून बघणार नाय."

एका म्हाताऱ्याने साफसफाई झाल्यावर वाटीतलं आपलं सगळं किटण कागदाच्या पुडीत बांधून मागितलं. कशाला, तर चाळीस वर्षं आपल्या तोंडात होतं, दुसऱ्याच्या दवाखान्यात का ठेवायचं? मी पुडी दिली. पुढच्या बाजारात तो ती पुडी उघडून लोकांना दाखवत होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडाशी तुलना करत होता. माझ्या पिवळ्या पत्रकापेक्षा त्या पुडीने जास्त पेशंट आणले, हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही.

सुमनताई मात्र पत्रकाला बधल्या नाहीत. दुपारी चार वाजले की त्या गिरणीमागे जाऊन मशेरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना घासायची, ती मशेरी. आमच्या भागात कित्येक बायांचा दिवस तिच्यावर उगवायचा आणि तिच्यावरच मावळायचा. 'मशेरी म्हणजे दातांची गुलामगिरी' हे माझं दुसरं कलम. सुमनताई त्याच पत्रकात मशेरी बांधून ठेवायच्या. कागद चांगला जाड आहे म्हणायच्या.

अशात एका बाजाराच्या दिवशी चांगुणाबाई आल्या.

चांगुणाबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी बाई विधीची गाणी म्हणते ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय मांडव उभा राहत नाही, नवऱ्याला हळद लागत नाही. चांगुणाबाई साठीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी आतापर्यंत किती लग्नं लावली ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. सोबत त्यांची जाऊ भागीबाय होती.

"मला शूटिंगनं आणलं इथं," चांगुणाबाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. मागच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्यांनी पाटलांच्या टीव्हीवर पाहिली होती. "मी तोंड उघडलं, गो, आन् मला वाटलं कोळशाची वखार उघडली. आता नऊ दिवसांनी हळद हाय. तितं पण शूटिंग हाय. मला पांढरं करून दे."

मी खूश झाले. न दुखणाऱ्या दातांसाठी आपण होऊन आलेली बाई! एवढ्यात भागीबाय पुढे झाली आणि तिने जावेच्या तोंडात बोट घालून दात मोजले. "चोवीस," ती मला म्हणाली. "उटल्यावर परत मोजीन."

मी आरसा आत घातला. खालचे पुढचे चार दात किटणाने एकमेकांना असे जोडले गेले होते की मध्ये फट दिसत नव्हती. एकसंध काळा बांध. हिरडीच्या आत सुई घालून पाहिली तर ती जायला नको तेवढी खोल गेली. हाड झिजलेलं होतं. ते चार दात आता हाडात नव्हते, किटणात उभे होते. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. किटण काढलं की ते चार हलणार, आधी पेशंटला सांगायचं, आणि हलले तर आतून तारेने एकमेकांना बांधून घ्यायचे, हेही शिकवलं होतं.

चांगुणाबाईंनी विचारलं, "हालतील का गो?"

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर पिवळं पत्रक चिकटवलेलं होतं. सहावं कलम बरोबर माझ्या नजरेसमोर. खोलीत भागीबाय, सुमनताई आणि दारात टोपल्या घेऊन थांबलेल्या चार बाया. मी 'हो' म्हटलं असतं तर तासाभरात बाजारभर झालं असतं. मी म्हटलं, "नाही. ती अंधश्रद्धा आहे."

मी खोटं बोलले. पोटासाठी नाही, कलमासाठी. ते जास्त वाईट, असं आता वाटतं.

अर्ध्या तासाने चांगुणाबाईंनी आरशात पाहिलं. "हे माजेच?" भागीबायने पुन्हा मोजले. "चोवीस. बरोबर हायत." दारातल्या बाया आत वाकून बघू लागल्या. चांगुणाबाई थेट बाजारात गेल्या आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाकडे बघून हसल्या. मी शहापूरला घरी जाऊन अप्पांना म्हटलं, "सहावं कलम जिंकलं."

चार दिवसांनी सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर चांगुणाबाई आणि भागीबाय बसलेल्या. चांगुणाबाईंच्या हातात पिवळं पत्रक. त्यांना वाचता येत नव्हतं, सुनेकडून वाचून घेतलं होतं.

"ह्यात लिवलंय पुरावा दाखवा," त्या म्हणाल्या. "हा घे."

आणि त्यांनी जिभेने खालचे चार दात पुढे-मागे केले. पिंपळाची पानं हलावीत तसे.

"थांब, आजून हाय." त्यांनी श्वास घेतला आणि धवळा सुरू केला. "सासू आली मांडवात, सोन्याचा साज गो..." प्रत्येक 'स' बरोबर दातांच्या फटीतून शीळ वाजत होती. बारीक, लांब, कुकरच्या पहिल्या शिट्टीसारखी. किटण होतं तोवर त्या फटी बुजलेल्या होत्या. मीच त्या उघडल्या होत्या.

सुमनताई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. माझंही तोंड वाकडं होत होतं, पण चांगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

"नवऱ्याकडचे लोक बोलतात, कॅसेट लावू," भागीबाय म्हणाली. "हळदीची गाणी आता कॅसेटमदी मिळतात. लाउडस्पीकरवाला फुकट लावतो बोलला."

"एकदा कॅसेट लागली ना पोरी," चांगुणाबाई म्हणाल्या, "मग पुढल्या लग्नाला मला कोन बोलवंल? कॅसेट चा मागत नाय, रुसत नाय. शिट्टी मारत नाय."

हळदीला पाच दिवस होते.

मी घाईघाईने सांगू लागले, दात तारेने बांधता येतात, आतून, दिसणार नाही, फटीही बऱ्याचशा बुजवता येतात. मी पुढे हात केला. चांगुणाबाईंनी तोंड मिटलं आणि मिटल्या तोंडानेच म्हणाल्या, "बोट घालशील तर तोडीन. हलत्या दातांनी तोडीन." मग उठून उभ्या राहिल्या. "तू मला नाय बोललीस. आता पयलं खरं बोल, मग तोंड उघडीन. आन् माज्या एकटीला नाय. कागद वाटलास तितं बोल. बाजारात."

त्या गेल्यावर मी सुमनताईंना तावातावाने समजावू लागले, की दात मी हलवले नाहीत, ते आधीच हललेले होते, किटणाने फक्त धरून ठेवले होते आणि तेच किटण हाड खात होतं. शास्त्र माझ्या बाजूने आहे. सुमनताईंनी ऐकून घेतलं.

"म्हंजे कुडाच्या घरातला खांब, मेढ," त्या म्हणाल्या. "आतून वाळवीनं खाल्लेली. वरच्या लिंपनावर उभी. लिंपन काढलं की हालनारच."

"बरोबर! मग लिंपणाने मेढ वाचवली असं म्हणायचं का?"

"नाय. पन घरात म्हातारी बसलेली असताना न सांगता लिंपन पन काढायचं नाय."

दोन वाक्यांत त्यांनी माझी पाच वर्षांची डिग्री आणि माझा गुन्हा, दोन्ही सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी शहापूरला अप्पांशी माझं भांडण झालं. मी नवीन पत्रक काढणार, सहावं कलम मागे घेणार, असं सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. तीस वर्षांत त्यांनी एकही पत्रक मागे घेतलं नव्हतं.

"एकदा मागे घेतलंस की विरोधक सोकावतात."

"विरोधक कोण अप्पा? चांगुणाबाई?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"ज्याने पुरावा मागितला त्याने पुरावा आल्यावर तो बघायचा, हे पण तत्त्व तुमचंच."

अप्पा पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "खुलासा बारीक टायपात छापतात." मी म्हटलं, मोठ्या टायपात छापणार. ते आत गेले. सकाळी माझ्या मजकुराचा कागद टेबलावर होता. त्यात एकही शब्द बदललेला नव्हता. दोन वेलांट्या मात्र सुधारल्या होत्या.

पण कागद पुरेसा नव्हता. 'बोल' अशी अट होती. बाजाराच्या दिवशी मी धसईला भाताच्या पोत्यावर चढले. समोर वांगी, सुके बोंबील, कोंबड्या, आणि त्या सगळ्यांपेक्षा माझ्याकडे जास्त संशयाने बघणारी माणसं. अगदी पुढे चांगुणाबाई आणि भागीबाय, पाय पसरून बसलेल्या, तमाशाला बसावं तशा.

"बंधुभगिनींनो," मी सुरू केलं, "दात हलतात!"

असा हशा पिकला की कोंबड्या ओरडायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "येवढं सांगायला डॉक्टर झाली?"

मी बोलत राहिले. मेढ सांगितली, वाळवी सांगितली, लिंपण सांगितलं. सगळ्यांचे हलत नाहीत, ज्यांचं हाड आधीच झिजलंय त्यांचे हलतात. आधी आले तर मेढ वाचते, उशिरा आले तर बांधावी लागते. मला चांगुणाबाईंच्या बाबतीत हे दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही, हेही सांगितलं. मी कधी भाषणात अडखळले नव्हते, त्या वाक्याला अडखळले.

चांगुणाबाईंनी भागीबायकडे बघितलं. भागीबायने मान हलवली. "चल," चांगुणाबाई उठत म्हणाल्या. "बांध आता."

खोलीत आलो तर वीज गेलेली. दातांवर लावायचं सिमेंट निळ्या प्रकाशाच्या दिव्याने कडक होतं आणि दिव्याला वीज लागते. धसईत त्या दिवशी चालू जनरेटर एकच होता, तो लाउडस्पीकरवाल्याचा. सुमनताई जाऊन त्याला घेऊन आल्या. कशासाठी हवाय ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तो दारात येऊन जनरेटर लावून गेला, आणि त्याच्याच विजेवर मी त्याच्या कॅसेटचं गिऱ्हाईक कापलं. चार हलते दात दोन्ही बाजूच्या पक्क्या दातांना आतून बारीक तारेने जोडले, वर सिमेंट लावलं, फटी जमतील तेवढ्या भरल्या. पूर्ण भरता येत नव्हत्या, खाली साफ करायला जागा ठेवावी लागते. तेही मी आधी सांगितलं. त्या दुपारी मी इतकं खरं बोलत होते की सुमनताई म्हणाल्या, "आता पुरे, ती घाबरंल."

भागीबायने मोजले. चोवीस. मग बोटाने एकेक ढकलून पाहिला. "हालत नाय."

दोन दिवसांनी हळद. मला खास बोलावणं होतं. सकाळी मांडवात नवरा पाटावर बसलेला, शूटिंगवाला दिवा धरून उभा, लाउडस्पीकरवाला कोपऱ्यात कॅसेटची पेटी मांडीवर घेऊन तयार. चांगुणाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि पहिला धवळा उचलला. 'स' स्वच्छ आला. फक्त एका 'शालू'वर बारीकशी शीळ वाजली. त्यांनी ती तशीच लांबवली, जणू चालीतच होती. हळद लावणाऱ्या बाया हसल्या. मग चांगुणाबाई माझ्याकडे वळल्या. धवलारीण ऐन वेळी गाण्यात कुणालाही ओढते, हे मी विसरले होते.

"डॉक्टरीण आली गो, कागद घेऊनी,
हालवून गेली माजे दात गो;
पोत्यावर उभी राहून बोलली खरं,
म्हनून दिला तिला हात गो."

सगळा मांडव माझ्याकडे बघून हसत होता आणि शूटिंगवाल्याने दिवा माझ्या तोंडावर धरला होता. ती कॅसेट अजून कुणाकडे तरी असेल. लाउडस्पीकरवाल्याची पेटी त्या दिवशी उघडली नाही. पुढे उघडली, दोनेक वर्षांत बऱ्याच मांडवांत उघडली. पण त्या लग्नात नाही, आणि चांगुणाबाईंच्या दातांमुळे तर कधीच नाही.

त्या दर सहा महिन्यांनी यायच्या, भागीबायला मोजायला घेऊन. मशेरी सोडा, असं मी दर वेळी सांगायचे. "पुढचे तुजे," त्या म्हणायच्या, "मागचे माजे." मागचे मी एकेक करून काढले आणि प्रत्येक वेळी मला हरल्यासारखं वाटलं. हिरडीतलं रक्त मशेरीने दबतं, म्हणून त्यांना ती औषध वाटायची. सुमनताईंनी मात्र एका दिवाळीत ती सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, पत्रकं संपली, पुडी कशात बांधू? पुढचे चार दात तारेत तसेच राहिले, शेवटपर्यंत.

पत्रकं मी अजून काढते. आता प्रत्येक पत्रकाखाली एक ओळ असते, की यात चूक असेल तर येऊन दाखवा. अप्पांना ती ओळ कमकुवत वाटते. उद्गारचिन्ह तरी टाक म्हणतात.

मध्यंतरी उंबरमाळीहून एक माणूस आला. एवढ्या लांबून का आलात, असं विचारलं. बायकोचं माहेर धसईचं, सासूने पाठवलं, म्हणाला. सासूने एक सूचना पण दिली होती, धसईत म्हणे ती सगळ्यांना ठाऊक आहे, धवलारणीने घालून दिलेली: 'बसायच्या आधी इचार, दात हालतील का? ती नाय बोलली तर उटून ये. हालतील बोलली तर बस.'

"मग," तो खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाला, "हालतील का?"

मी आरसा आत घातला, नीट पाहिलं. "डावीकडचा खालचा एक हलेल," मी म्हटलं.

तो समाधानाने मागे टेकला आणि त्याने तोंड उघडलं.